उतरणीवरचें घर आणि त्याचा पाया

साताऱ्यांत राजवाड्याच्या चौकांत उभें राहून दक्षिणेकडे पाहिलें म्हणजे अजिंक्यताऱ्याचा किल्ला भिंतीसारखा समोर उभा राहतो, आणि त्याच्या पायथ्यापासून शहर उत्तरेकडे उतरत आलेलें दिसतें. या उतरणीवर जीं घरें बसलेलीं आहेत, त्यांतील पुष्कळांची एक गंमत आहे. वरच्या रस्त्यानें आलेला पाहुणा उंबरा ओलांडून सरळ ओसरीवर येतो. खालच्या बोळानें आलेल्या पाहुण्यास त्याच ओसरीसाठीं दहा-बारा पायऱ्या चढाव्या लागतात. घर एकच, ओसरी एकच. परंतु जोतें एका अंगास हातभर आणि दुसऱ्या अंगास पुरुषभर. या पुरुषभर जोत्याच्या पोटांत काय भरलेलें आहे, तें कशावर टेकलेलें आहे आणि डोंगराकडून येणारें पावसाचें पाणी त्याच्या कोणत्या बाजूनें निघून जातें, या तीन गोष्टींवर त्या घराचें आयुष्य अवलंबून असतें. घर विकत घेणारा मात्र तुळया मोजतो, खिडक्या मोजतो, हवा-उजेड पाहतो. जोत्याकडे क्वचितच वळून पाहतो.

सपाट जमिनीवर घर बांधावयाचें तर पायाचा प्रश्न मुख्यतः खोलीचा असतो. कठीण थर लागेपर्यंत खणावें, रुंद भरणी करावी, जोतें वर आणावें, कीं झालें. उतरणीवर मात्र प्रथम निवड करावी लागते. डोंगराच्या अंगांत खांच घेऊन सारें घर त्या खोदलेल्या सपाटीवर बसवावें, हा एक मार्ग. खालच्या अंगास धक्क्याची भिंत घालून तिच्या पाठीशीं भराव करावा व त्यावर घर उभें करावें, हा दुसरा. जमिनीचा उतार तसाच ठेवून पायाच पायऱ्यापायऱ्यांनीं उतरवीत न्यावा, हा तिसरा. आणि खांब उभारून घर अधांतरीं धरावें, हा चौथा. तो या प्रदेशांत लोखंड व काँक्रीट यांच्या मागोमाग आला. परंतु ज्या रीतीनें सर्वांत अधिक घरें बांधलीं जातात ती पहिल्या दोन मार्गांची सरमिसळ होय. वरच्या अंगास खोदतांना जो माल निघतो तोच खालच्या अंगास पसरावयाचा, म्हणजे माती वाहून नेण्याचा खर्च नाहीं आणि बाहेरून आणण्याचाही नाहीं. हिशेबाच्या वहींत ही रीत सर्वांत स्वस्त दिसते. घराच्या दृष्टीनें तिच्यासारखी वाईट दुसरी नाहीं. वरचें अर्धें घर युगानुयुगें दाबून बसलेल्या मुरमावर टेकतें आणि खालचें अर्धें गेल्या महिन्यांत टाकलेल्या सैल मातीवर. पहिला पावसाळा झाला कीं भराव बसूं लागतो. मुरूम बसत नाहीं. मग जेथें खोदाई संपून भराव सुरू होतो, बरोबर त्या रेषेवर भिंतीस तिरपा तडा जातो. गवंड्यास दोष दिला जातो, चुन्यास किंवा सिमेंटास दिला जातो. गिलावा करून तडा बुजविला जातो, आणि पुढच्या वर्षीं तो पुन्हा त्याच जागीं उमटतो.

जमीन कशी ओळखावी ही विद्या फार जुनी आहे. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें आपल्या 'बृहत्संहिता' ग्रंथांत वास्तुविद्येचा एक अध्याय घातला आहे. त्यांत हातभर खड्डा खणून तीच माती पुन्हा त्यांत भरण्याची परीक्षा सांगितली आहे. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. त्याच खड्ड्यांत पाणी ओतून शंभर पावलें जावें व परत येऊन पाणी किती राहिलें तें पाहावें, अशीही एक परीक्षा तेथें आहे. पहिल्या परीक्षेचा अर्थ सरळ आहे : माती उरते तेव्हां मूळची जमीन घट्ट होती, आणि कमी पडते तेव्हां ती पोकळ होती. दुसरींत जमिनीचा निचरा कळतो. याच अध्यायांत कोणत्या वर्णास कोणत्या दिशेचा उतार इष्ट, हेंही सांगितलेलें आहे. त्या भागास बांधकामाच्या दृष्टीनें कांहींही अर्थ नाहीं. परंतु लोकांच्या स्मरणाची तऱ्हाच अशी, कीं प्लॉट घेतांना दिशांची चर्चा तासन्‌तास होते आणि खड्डा कोणीच खणीत नाहीं.

साताऱ्याच्या परिसरांतील जमीन समजून घेण्यासाठीं डोंगराकडेच पाहिलें पाहिजे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरावर थर पसरत गेले आणि त्यांतून दख्खनचें पठार व सह्याद्रि घडले. भूगर्भशास्त्रज्ञ या दगडास 'ट्रॅप' म्हणतात. हा शब्द स्वीडिश भाषेंतील पायरी या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. नांव अगदीं यथार्थ आहे. टणक काळ्या दगडाचा थर कड्यासारखा उभा राहतो, त्यावरील मऊ थर झिजून मागें सरतो, आणि डोंगराच्या अंगावर आपोआप पायऱ्या पडतात. किल्ल्यांच्या माच्या आणि डोंगरांतील वाड्यावस्त्या बहुधा अशाच पायऱ्यांवर असतात. दोन थरांच्या मध्यें कित्येक ठिकाणीं तांबड्या मातीचा एक पातळ पट्टा सांपडतो. वरच्या थराच्या भेगांतून झिरपलेलें पाणी या पट्ट्यापाशीं येऊन अडतें व आडवें वाहत डोंगराच्या कुशींतून बाहेर पडतें. वैशाखांत त्या जागीं ओलीचा मागमूसही नसतो; आषाढांत तेथें उमाळे फुटतात. उन्हाळ्यांत प्लॉट पाहून पसंत करणाऱ्यास हा पट्टा दिसत नाहीं, आणि पुढें पावसाळ्यांत स्वयंपाकघराच्या फरशीखालून पाणी येऊं लागलें म्हणजे तें कोठून आलें याचा त्यास उलगडा होत नाहीं.

शाहूमहाराजांचा राज्याभिषेक १२ जानेवारी १७०८ रोजीं साताऱ्याच्या किल्ल्यावर झाला. किल्ला लढाईस उत्तम, परंतु राजधानीस अपुरा. कचेऱ्या, पागा, बाजार, सरदारांचे वाडे आणि कारकुनांचीं बिऱ्हाडें वर मावणें शक्य नव्हतें. यास्तव राजधानी खालीं उतरली आणि डोंगराच्या उत्तर अंगास पेठा वसत गेल्या. त्यांतील माची पेठेचें नांवच ती जागा कशी होती हें सांगतें. १७४९ सालीं शाहूमहाराज वारले, राज्याचा कारभार पुण्याकडे गेला, पुढें प्रतापसिंहमहाराजांनीं राजवाडा बांधला, १८४८ सालीं राज्य खालसा झालें. परंतु पेठा उतरणीस धरून राहिल्या. लोकांनीं उतार मोडला नाहीं, उताराशीं तडजोड केली. याचें कारण त्यांची सौंदर्यदृष्टि नव्हे. सुरुंगाची दारू महाग होती, आणि पहार-कुदळीनें कातळ फोडून मोठी सपाटी करणें गृहस्थाच्या ऐपतीबाहेरचें होतें. जें परवडत नव्हतें तें टळलें, आणि टळलें म्हणून पुष्कळ घरें टिकलीं.

या प्रदेशांतील गवंड्यांची जुनी रीत थोडक्यांत अशी होती. वरची माती काढून मुरूम उघडा करावयाचा आणि पहार मारून पाहावयाची; पहार रुतली तर आणखी खणावयाचें, खणखणली तर थांबावयाचें. नंतर मुरमांत किंवा कातळांत आडव्या पायऱ्या कापावयाच्या. येथेंच सर्व मर्म आहे. उतरत्या पृष्ठभागावर ठेवलेला दगड आज ना उद्यां खालीं सरकूं पाहतो; सपाट पायरीवर ठेवलेला दगड फक्त दाबतो. म्हणून पायाचा एकही दगड उतारावर न बसवितां प्रत्येक पायरी ओळंब्यानें व पाणसळीनें तपासून मगच तिच्यावर मोठे दगड मांडावयाचे. खालच्या अंगाची जोत्याची भिंत तळाशीं रुंद आणि वर निमुळती. जोत्याच्या पोटांत शेतांतील माती कदापि भरावयाची नाहीं. मुरूम व दगडांचा चुरा वीतभर जाडीच्या थरांनीं टाकावयाचा, पाणी मारावयाचें आणि धुम्मसानें ठोकावयाचा. एका पावसाळ्यापुरतें जोतें तसेंच उघडें ठेवून मग वर भिंती चढविणारेही लोक होते. हल्लींच्या घाईंत हें खुळेपणाचें वाटेल. परंतु भराव काय बसावयाचा तो घर वर येण्यापूर्वींच बसून जावा, यापरता शहाणपणाचा विचार कोणता?

पाण्याची सोय हा या रीतीचा दुसरा भाग. घराच्या वरच्या अंगास भिंतीपासून दोन-तीन हातांवर एक चर खणून डोंगराकडून येणारें पाणी त्यांत अडवावयाचें आणि घराला वळसा घालून खालीं सोडावयाचें. धक्क्याच्या भिंतींत दगडांच्या सांध्यांतून पाणी पाझरूं द्यावयाचें. पुष्कळदां ही भिंत चुन्यावांचून कोरडीच रचीत, आणि त्यामुळें पाण्याचा दाब तिच्या पाठीशीं सांचत नसे. धक्क्याच्या भिंती मातीच्या दाबापेक्षां पाण्याच्या दाबानेंच अधिक पडतात, हें गणित न शिकतां त्या कारागिरांना ठाऊक होतें.

या रीतीची स्तुति करतांना तिचा दोषही सांगितला पाहिजे. पाया कातळावर, जोतें मजबूत. परंतु त्यावरच्या भिंती बहुधा दगडमातीच्या, दोन-दोन हात जाडीच्या, बाहेर एक पडदा व आंत एक पडदा आणि मध्यें दगडगोट्यांची भर अशा असत. दोन्ही पडदे एकत्र बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड जेथें घातले तेथें त्या भिंती शेंकडों वर्षें उभ्या राहिल्या; जेथें काटकसर झाली तेथें त्या आंतून पोकळच राहिल्या. या काटकसरीचें काय झालें तें पुढें येईल.

साताऱ्याहून कृष्णेच्या उगमाकडे गेलें म्हणजे निराळीच जमीन लागते. महाबळेश्वरच्या माथ्यावर काळ्या दगडाऐवजीं जांभा आहे. १८२९ सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं प्रतापसिंहमहाराजांकडून वाईजवळील खंडाळा गांवाच्या मोबदल्यांत ही जागा घेतली व तेथें हवा खाण्याचें ठिकाण वसविलें. जांभ्याचा गुण असा, कीं खाणींतून काढतांना तो कुऱ्हाडीनें तासतां येतो आणि उघड्या हवेंत ठेवला म्हणजे कठीण होतो. पाण्यास तो चाळणीसारखा आहे. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारें वीस फूट पाऊस पडणाऱ्या गांवीं हा मोठाच लाभ. अंगणांत पाणी सांचत नाहीं. परंतु जांभ्यांतून उतरलेलें पाणी खालच्या मऊ, साबणासारख्या मातीवर जाऊन थांबतें आणि तो थर निसरडा होतो. पठाराच्या मध्यभागीं घर असेल तर यापासून भय नाहीं. देखाव्याच्या लोभानें कड्याच्या टोकाशीं जावें तर जांभ्याचें टोपण कितीही कठीण असो, तें ज्यावर ठेवलेलें आहे तो थर भिजला म्हणजे कड्याची कड सुटते. पाया जांभ्यांत किती खोल नेला याचा तेथें कांहीं उपयोग नसतो. जांभाच पायासकट जातो.

तेथून नदीबरोबर खालीं उतरून वाईस आलें म्हणजे उतार डोंगराचा नसून काठाचा होतो. १७६२ सालीं गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं बांधलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ थेट घाटावर, पुराच्या तोंडीं आहे. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं हें देऊळ पाहिलें असेल त्यांनीं त्याची मागील भिंत आठवावी. ती सरळ नाहीं. माशाच्या आकारासारखी निमुळती, टोकदार अशी ती वरच्या प्रवाहाकडे केलेली आहे. पुराचें पाणी त्या टोकावर फाटतें आणि दोन बाजूंनीं निघून जातें. नदीस अडविण्याचा आव न आणतां तिला वाट करून देणारी ही रचना अडीच शतकांहून अधिक काळ टिकली आहे. वाईजवळच मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आहे. तेथें दुसरी युक्ति दिसते. वाडा उंचावर, आणि वाडा व नदी यांच्यामधील सारा उतार दगडी घाटाच्या पायऱ्यांनीं बांधून काढलेला. घाट म्हणजे स्नानसंध्येची सोय, ही समजूत खरीच. पण काठाची माती जागच्या जागीं धरून ठेवणारें तें एक दगडी चिलखतही आहे. ज्या काठाला घाट नाहीं तो काठ पुरानें दरवर्षीं थोडाथोडा खचत मागें सरतो. विशेष असें, कीं काठ बहुधा पूर चढतांना ढासळत नाहीं, उतरतांना ढासळतो. पूर असतांना बाहेरचें पाणीच काठाला टेकू देत असतें. तें एकाएकीं ओसरलें म्हणजे आंत भिजून जड झालेली माती आधारावांचून राहते.

सांगलीस पोहोंचेपर्यंत डोंगर दूर राहतात. मिरजेच्या पटवर्धनांपासून विभक्त होऊन चिंतामणराव आप्पासाहेबांनीं १८०१ सालीं सांगलीस आपली राजधानी केली, तेव्हां त्यांना मिळाली ती कृष्णाकाठची सपाट, सुपीक, काळी जमीन. ही जमीन उसास व हळदीस सोन्यासारखी आणि पायास वैरिणीसारखी. काळी माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टेकलेलें घर वर्षांतून एकदां उचललें जातें आणि एकदां खालीं बसतें. तेंही सर्व बाजूंनीं सारखें नव्हे. अंगणाकडील भिंत आधीं भिजते, माजघराखालची माती कोरडीच राहते, आणि दाराच्या चौकटी तिरक्या होतात. देशावरील गांवांत शेताच्या जमिनीस काळी आणि गांवठाणास पांढरी म्हणण्याची वहिवाट आहे. पिकास जी चांगली ती घरास नव्हे, हें ज्ञान त्या दोन शब्दांत सांठवलेलें आहे. शहरें वाढूं लागलीं, पांढरी संपली, आणि काळीचे तुकडे पाडून त्यावर बंगले उठूं लागले, तेव्हां हें ज्ञान नव्यानें विकत घेण्याची पाळी आली.

काळ्या मातीवर जुना उपाय एकच होता : ती सबंध खणून काढून खालचा मुरूम गांठावयाचा. ती फार खोल असेल तर हें परवडत नाहीं. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें स्वातंत्र्योत्तर काळांत याला जो उपाय प्रचारांत आणला त्यांत जमिनींत खोल भोंक पाडून त्याचा तळ घंटेसारखा रुंद करतात व तो काँक्रीटनें भरतात. माती वर फुगली तरी तो रुंद तळ खांबास वर येऊं देत नाहीं. घर मातीवर न टेकतां या खांबांवर टेकतें, आणि जोत्याची तुळई व माती यांच्यामध्यें फुगण्यापुरती पोकळी सोडतात.

सांगलीकरांना दुसरी चिंता पुराची. १९२९ सालीं खुला झालेल्या आयर्विन पुलावर पाण्याची उंची मोजण्याची जी खूण आहे तिच्यावर सारें शहर पावसाळ्यांत डोळे लावून बसतें. तेथें ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. या पुरानंतर जोतें उंच करण्याकडे लोकांचा ओढा वाढला, तो साहजिक आहे. परंतु उंच जोतें म्हणजे पुष्कळ भराव, आणि काळ्या मातीवर पुष्कळ भराव म्हणजे सपाट जागेंत मुद्दाम तयार केलेली उतरणच होय. साताऱ्याच्या खालच्या बोळांतील जोत्यास जे नियम लागू तेच येथें लागू : भराव कशाचा, तो ठोकला कसा, त्याला धरणारी भिंत कोठें टेकली, आणि पाणी ओसरतांना भरावांत शिरलेलें पाणी कोठून बाहेर पडणार? शेवटचा प्रश्न सांगलींत फारच थोडे लोक विचारतात.

आतां त्या भिंतींच्या काटकसरीकडे वळावयाचें. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे, साडेचारच्या सुमारास, सातारा जिल्ह्यांतील पाटण तालुक्यांत कोयनानगर येथें सुमारें साडेसहा तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेंच्या वर माणसें मेलीं आणि हजारों घरें पडलीं. थंडीचे दिवस, सारीं माणसें घरांत झोंपलेलीं. तोंपर्यंत दख्खनचें पठार भूकंपाच्या दृष्टीनें जवळजवळ निर्धोक मानलें जात असे. त्या दिवसानंतर तसें मानतां येईना, आणि १९७० च्या सुधारित भारतीय मानकांत कोयनेचा प्रदेश वरच्या धोक्याच्या पट्ट्यांत घातला गेला. पडलेल्या घरांत मुख्य भरणा दगडी भिंतींच्या घरांचा होता. भिंतीचे दोन पडदे एकमेकांपासून सुटले, मधली भर खालीं कोसळली, आणि जड छपरें झोंपलेल्या माणसांवर आलीं. पाया हललाच नाहीं अशा घरांतही माणसें मेलीं. कातळावरील पाया हा भूकंपांत खरोखर चांगला. परंतु पाया, जोतें, भिंत व छप्पर यांना एकत्र बांधणारें कांहीं नसेल तर नुसत्या चांगल्या पायाचा उपयोग जागच्या जागीं पडण्यापुरताच होतो. जोत्याच्या उंचीवर, दारांच्या वर आणि छपराखालीं अशा तीन ठिकाणीं घराभोंवतीं पट्टे घालावे, भिंतींत आरपार दगड किंवा त्यांऐवजीं काँक्रीटचे ठोकळे बसवावे, असे नियम पुढें सांगितले जाऊं लागले. त्यांतील आरपार दगडाचा नियम जुन्या गवंड्यांना माहीत होता. तो पाळण्याचें मात्र सुटत गेलें होतें.

लोखंड-काँक्रीटचा सांगाडा आला तेव्हां हा प्रश्न कायमचा मिटला, असें पुष्कळांना वाटलें. उतरणीवर तो एका नव्या रूपांत उभा राहिला. खांबांवरच्या घरांत खालच्या अंगाचे खांब लांब आणि वरच्या अंगाचे आंखूड असतात. जमीन हादरली म्हणजे लांब खांब वेताच्या छडीसारखे लवतात. आंखूड खांब लवत नाहींत, म्हणून हादऱ्याचा मोठा वाटा त्यांच्याच माथीं येतो आणि ते आधीं फुटतात. पाहणारा लांब, बारीक खांबांकडे पाहून भितो. भय असतें तें डोंगराच्या बाजूच्या, हातभर उंचीच्या, निर्धास्त दिसणाऱ्या खांबांचें. यावर उपाय आहेत : खांबांची मोकळी उंची शक्य तितकी सारखी ठेवावी, त्यांना खालीं तुळयांनीं एकमेकांशीं जखडावें, कांहीं ठिकाणीं सबंध काँक्रीटची भिंत घालावी. हें काम गणिताचें आहे. शेजाऱ्याच्या घराकडे पाहून करावयाचें नाहीं.

पायाची कड उतारापासून किती आंत असावी, याविषयींही भारतीय मानकांत आंकडा आहे. पायाच्या तळाच्या कडेपासून उताराच्या पृष्ठभागापर्यंत आडवें अंतर कातळांत निदान ६० सेंटिमीटर व मातींत निदान ९० सेंटिमीटर असावें. म्हणजे पाया नुसता खोल असून भागत नाहीं, त्याच्या पुढें पुरेशी जमीन शिल्लक असली पाहिजे. हा नियम साधा आहे. परंतु खालच्या प्लॉटचा मालक उद्यां आपली सपाटी करण्यासाठीं यंत्रानें आपली हद्द उभी कापून काढतो, तेव्हां वरच्या घराच्या पायापुढची ती ९० सेंटिमीटर जमीन एका दुपारींत नाहींशी होते. उतरणीवर कोणाचाही पाया सर्वस्वीं त्याचा स्वतःचा नसतो. वरच्याचें पाणी खालच्याच्या जोत्यांत येतें आणि खालच्याची खोदाई वरच्याच्या पायाखालीं जाते. पूर्वीं हीं भांडणें पेठेंतल्या पेठेंत मिटत; हल्लीं तीं तडा गेल्यानंतर सुरू होतात. आणि ज्या पहार-कुदळींमुळें पूर्वीं मोठी खोदाई टळत असे त्यांची जागा आतां पोकलॅननें घेतली आहे. महिन्याचें काम दिवसांत होतें, आणि डोंगर उभा कापण्यास आज ऐपत आड येत नाहीं.

डोंगर स्वतःच सुटला तर? २२ आणि २३ जुलै २०२१ या दिवसांत सह्याद्रीच्या माथ्यावर अतोनात पाऊस झाला. महाबळेश्वरीं चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाणी पडलें. त्या वेळीं पाटण तालुक्यांत आंबेघर, मिरगांव व ढोकावळे येथें दरडी कोसळल्या आणि घरें माणसांसकट गाडलीं गेलीं. या ठिकाणीं पाया कसा होता हा प्रश्नच उद्भवत नाहीं. ज्या उताराच्या माथ्यावर मातीचा जाड थर कातळावर नुसता ठेवल्यासारखा आहे, जेथें झाडें तिरपीं वाढलेलीं दिसतात, जेथें जमिनीस आडव्या भेगा पडतात किंवा झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होतें, तेथें पायाची निवड करण्यापूर्वीं जागेची निवडच बदलावयास हवी. १९६७ मध्यें ज्या तालुक्यांतील भिंतींनीं माणसें मारलीं, त्याच तालुक्यांत ५४ वर्षांनीं डोंगरानें मारलीं.

शहरांतील गृहस्थाच्या वांट्यास बहुधा असा डोंगर येत नाहीं; त्याच्या वांट्यास येतो तो तीन-चार गुंठ्यांचा तिरपा प्लॉट आणि ठराविक कर्ज. त्यानें तो प्लॉट एकदां मे महिन्यांत आणि एकदां जुलैंत पाहावा. वरच्या व खालच्या कोपऱ्यांत एकेक खड्डा खणावा, आणि मुरूम दोन्हीकडे किती खोलीवर लागतो तें मोजावें. दोन फुटांवर आणि दोन फुटांवर लागला तर पायऱ्यांचा पाया घालावा, तो सर्वांत स्वस्तही पडतो. वर दोन फुटांवर आणि खालीं दहा फुटांवर लागला तर खालचें अंग भरावावर न टाकतां खांबांनीं मुरमापर्यंत न्यावें, नाहींतर घरच लहान करून वरच्या अंगास सरकवावें. घर लहान करण्याचा सल्ला कोणास आवडत नाहीं, आणि इंजिनियर तो सहसा देत नाहींत.

साताऱ्यांत नव्या वसाहतींतून हिंडतांना धक्क्याच्या काँक्रीट भिंतींत ओळीनें ठेवलेलीं भोंकें दिसतात. तीं पाझराचें पाणी बाहेर सोडण्यासाठीं असतात, आणि पावसाळ्यांत त्यांतून तांबूस पाण्याच्या धारा रस्त्यावर येतात. रंगवलेल्या भिंतीवर त्यांचे डाग पडतात, पादचाऱ्यांच्या कपड्यांवर शिंतोडे उडतात, शेजारी कुरकुर करतात. मग एखाद्या दिवाळीच्या आधीं, भिंतीस नवा रंग देतांना, कांहीं घरांतून तीं भोंकें सिमेंटनें नीटनेटकीं बुजविलीं जातात.